मदत हवी आहे: लॅपटॉपवरचा उबुंटू गायब, सोमवारी सबमिशन

पंचवटी_टीई
अर्जंट आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू लिनक्स अशा दोन्ही सिस्टिम होत्या, चालू केला की मेनू यायचा त्यातून निवडायचो, आता मेनूच येत नाही सरळ विंडोज उघडतं. माझी सगळी प्रॅक्टिकल्स उबुंटूत आहेत आणि सोमवारी सबमिशन. विंडोज उडवता येणार नाही, पप्पांच्या रविवार कारंजावरच्या दुकानाची टॅली त्यात आहे. फॉरमॅट मारा सोडून काहीही सांगा.

सिडकोकर
लॅपटॉप कुठला? उबुंटू कितवं? आणि बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं?

पंचवटी_टीई
एचपी, २४.०४. काहीच केलं नाही हो.

टक्स_नाशिकरोड
मी म्हणतो दोन सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायच्याच कशाला. अख्खा लॅपटॉप उबुंटूला दे आणि टॅलीसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे उबुंटूच्या आतच, विंडोज टाक. मी कितीतरी जणांना असंच करून दिलंय.

सिडकोकर
टक्सभाऊ, त्याला सोमवारच्या आत फाइली हव्यात, आणि वडिलांचं जीएसटी त्याच मशीनवर चालतं. आठ जीबी रॅममध्ये व्हर्च्युअल विंडोजवर टॅली चालवून बघा एकदा.

टक्स_नाशिकरोड
रॅम आठ आहे हे त्याने कुठे सांगितलं?

पंचवटी_टीई
आठच आहे. पण माझं काय?

गंगापूररोड_आयटी
डब्ल्यूएसएल वापर. विंडोजच्या आतच उबुंटू मिळतं, शेल स्क्रिप्ट, सी, पायथन सगळं होतं, बूटची भानगडच नाही. आमच्या ऑफिसात आता ड्युअल बूट कोणी करत नाही.

पंचवटी_टीई
सर, केलेलं काम जुन्या उबुंटूत आहे ना, नवीन घेऊन काय करू?

ओझरकर
बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, जा आणि सिक्युअर बूट बंद कर, ते सही असलेलीच सिस्टिम चालू होऊ देतं, होऊन जाईल.

देवळालीकर_काका
अजिबात बंद करू नकोस. उबुंटू सिक्युअर बूटसकट चालतं, १२.१० पासून. आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने लॉक असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती नसेल तर टॅलीसकट सगळं अडकेल.

ओझरकर
काका, मी केलंय, काही होत नाही.

देवळालीकर_काका
तुझ्याकडे बिटलॉकर चालू नसेल. नवीन लॅपटॉपवर पुष्कळदा आपोआप चालू असतं, लोकांना पत्ताही नसतो.

पंचवटी_टीई
असा लांबलचक नंबर परवा मागितला होता! पप्पांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडला. बॅटरी बदलून आणली त्या दिवशी.

सिडकोकर
अरे मग काहीच केलं नाही कसं म्हणतोस, दुकानात दिला होता ना! बिलावर अजून काय लिहिलंय बघ.

पंचवटी_टीई
बॅटरी, क्लीनिंग, बायोस अपडेट.

देवळालीकर_काका
तेच. उबुंटूचं नाव मदरबोर्डच्या मेमरीत नोंदलेलं असतं, बायोस अपडेट करताना ती नोंद कधीकधी पुसली जाते. मग लॅपटॉपला फक्त विंडोज बूट मॅनेजर दिसतो. उबुंटू स्वतः डिस्कवर जागेवरच असणार. खात्री हवी तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघ, नाव नसलेलं मोठं पार्टिशन दिसेल. विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हण, तिथे लोक हो दाबतात आणि मग रडतात.

आता, लॅपटॉप पूर्ण बंद कर. चालू करताना एफ९ दाबत राहा. यादीत उबुंटू असेल तर निवड. नसेल तर खाली बूट फ्रॉम ईएफआय फाइल असं असतं, त्यात ईएफआय फोल्डर, मग उबुंटू, मग शिम नावाची फाइल. उबुंटू उघडलं की आधी प्रॅक्टिकल्स पेनड्राइव्हवर घे. मग टर्मिनलमध्ये सुडो ग्रब-इन्स्टॉल चालव (ग्रब म्हणजे तुझा तो निवडायचा मेनू), नोंद परत बसेल. ४८ आकडे कागदावर लिहून जवळ ठेव, विंडोज पुन्हा मागू शकतं.

भद्रकाली_बॉय
उबुंटूत गेल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, घाबरू नकोस. उबुंटू लॅपटॉपच्या घड्याळात युटीसी वेळ ठेवतं, विंडोज तीच इथली वेळ समजतं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ दिलं की दोन्हीकडे सारखं.

ओझरकर
घड्याळाचं विचारलंय कोणी?

भद्रकाली_बॉय
टॅलीत एंट्रीची तारीख चुकली तर वडील विचारतील की.

पंचवटी_टीई
उघडलं!! यादीत नव्हतं, ईएफआय फाइलवाल्या वाटेने गेलो. सगळी प्रॅक्टिकल्स आहेत, पेनड्राइव्हवर घेतली. ग्रबची कमांड पण झाली, मेनू परत आला, विंडोज पण उघडतंय, टॅली चालू आहे. काका खूप खूप धन्यवाद. घड्याळ खरंच मागे गेलं होतं, तेही केलं.

टक्स_नाशिकरोड
छान झालं. तरी सुट्टीत व्हर्च्युअलबॉक्सचा विचार कर.

सटाणा_शेतकरी
माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, चार जीबी रॅम आहे, लिनक्स मिंट टाकू का?

सिडकोकर
दादा, वेगळा धागा काढा, आणि मॉडेल नंबर, एसएसडी आहे की जुनी हार्डडिस्क ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.