यंत्र मोजते, निर्णय माणूस घेतो
नोटा यंत्र मोजते, मग कॅशियरचे काम काय उरले, असे काही जण विचारतात; हा मुद्दा मोजणीपुरता मान्य, जबाबदारीपुरता नाही. मी एका मोठ्या खाजगी बँकेत काउंटरवर असतो. यंत्राने बाजूला काढलेली नोट उजेडात धरून जलचिन्ह आणि सुरक्षा धागा मी स्वतः पाहतो, आणि ती बनावट ठरली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकासमोरच शिक्का मारून ती जप्त करावी लागते. ती परत देता येत नाही, तिचे पैसेही खात्यात जमा होत नाहीत. एकाच व्यवहारात पाच किंवा अधिक निघाल्या, तर पोलिसांत गुन्हा नोंदवणे भागच असते. भाजी विकून भरणा करायला आलेल्या मावशींना पाचशेची नोट गेली हे सांगणे फार जड जाते, म्हणून पोचपावतीवरचा नोटेचा क्रमांक तरी मी त्यांना वाचून दाखवतो.