1991 च्या सुधारणांचा फायदा गरिबापर्यंत कधी पोचला?

नंदानगरची लेक
काल जेवताना भाचा म्हणाला, "1991 च्या आर्थिक सुधारणांनी, म्हणजे बाजार खुला करण्याच्या धोरणाने, गरिबी हटवली, यात वाद कसला?" मला घास उतरेना. माझे वडील इंदूरच्या एका कापड मिलमध्ये होते. भोंगा बंद पडला तेव्हा मी नववीत होते. वडील चौकीदारी करू लागले, आई साड्यांना फॉल-पिको, आणि भावाची शाळा सुटली ती सुटलीच. इथली हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली; तिच्या कामगारांच्या देण्यांचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर कितीतरी जण वारले होते.

देश कर्जात अडकला की त्याला कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अटी घालतो: चलनाचे अवमूल्यन, सबसिडीत कपात, तोट्यातले सरकारी उद्योग बंद. याची झळ त्याच महिन्यात लागते, आणि ज्याच्या गाठीला काही नाही त्याला आधी. फायदा येतो दहा-पंधरा वर्षांनी, तोही बहुधा दुसऱ्याच्या दारी.

पीथमपूरकर
ताई, वडिलांचे वाचून वाईट वाटले. पण मिल सुधारणांनी मारल्या नाहीत. जुनी यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा यांनी त्या आधीच खंगल्या होत्या. 1991 च्या उन्हाळ्यात देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, सोने गहाण पडले होते. तेव्हा हातावर हात ठेवून बसायचे होते का?

बोलिव्हिया पाहा. 1985 मध्ये तिथली महागाई वर्षाला आठ हजार टक्क्यांच्या वर गेली. पैसेवाल्यांनी डॉलर साठवले. रोजंदारीवाल्याने काय साठवायचे? ऑगस्टमधल्या सरकारच्या कठोर उपायांनी महागाई काही आठवड्यांत आटोक्यात आली. आपल्याकडे दारिद्र्याचे प्रमाण 1993-94 मध्ये 45.3 टक्के होते, 2011-12 मध्ये 21.9 झाले. मी स्वतः खेड्यातून येऊन इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांच्या कारखान्यात लागलो. आज दोन्ही मुली इंजिनिअरिंगला आहेत.

नंदानगरची लेक
दादा, मुलींचे ऐकून खरेच बरे वाटले. पण गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या त्याच मोजणीतला मधला टप्पा तुम्ही गाळलात. 2004-05 मध्ये प्रमाण 37.2 टक्के झाले, पण गरिबांची संख्या 40.37 कोटींवरून 40.71 कोटींवर गेली. संख्या घटली ती त्यानंतर, आणि तोवर रोजगार हमीही आली होती. बोलिव्हियात महागाई थांबली, पण सरकारी खाणींतून वीस हजारांहून जास्त कामगार घरी गेले.

पीथमपूरकर
लोकसंख्याही वाढली ना त्या अकरा वर्षांत! प्रमाण घटले म्हणजे कोट्यवधी घरे वर आली. ते मोजायचेच नाही का?

रामबागकर
तुम्ही दोघे आकड्यांवर भांडताय. मला झांबियातली गोष्ट जास्त बोलकी वाटते. 1986 च्या डिसेंबरात तिथे मक्याच्या बारीक पिठावरची सबसिडी काढली, भाव दुपटीहून वर गेले. गरीब खातात त्या भरड्या पिठावरची ठेवली होती. पण सरकारकडून पैसे परत मिळतील याचा गिरण्यांना भरवसा नव्हता, म्हणून भरडे पीठ बाजारातून दिसेनासे झाले. तांब्याच्या खाणींच्या शहरांत दंगली पेटल्या, माणसे मेली आणि अध्यक्ष काउंडांना निर्णय मागे घ्यावा लागला.

गरीब वगळले होते, पण कागदावर. आपल्याकडे 1997 मध्ये रेशन दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे विभागले, तेव्हा आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी 'वरच्या' ठरल्या. का, ते त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही.

पीथमपूरकर
काका, यादी चुकली हा राबवणाऱ्यांचा दोष. धोरणाच्या माथी का मारता?

रामबागकर
यादी कोण आणि कशी करणार, हे धोरणातच ठरवायला हवे. गरिबाच्या वाट्याला धोरण येते ते त्या यादीतूनच.

नंदानगरची लेक
काका, अगदी हेच! सुधारणांमुळे काम गेलेल्या कामगारांसाठी सरकारने 1992 मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी काढला होता. त्यातला बहुतेक पैसा सरकारी उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला; खासगी मिलच्या कामगाराच्या हाती काय आले, ते मी घरात पाहिले आहे. दादा, मिल आजारी होत्या हे मला मान्य आहे. बंद करायच्या तर करा, पण भोंगा थांबेल त्याच महिन्यात कामगाराची सगळी देणी द्या. ती थकली नसती तर माझा भाऊ दहावीला बसला असता.