बीएमआय ठीक, म्हणून सगळं ठीक असं नाही

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १८.५ च्या वर असला की बारीक असण्याचा गर्भधारणेशी संबंध उरत नाही, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. बीएमआयला चरबी किती ते कळत नाही, आणि खाल्लं किती, जाळलं किती हे तर अजिबातच नाही. माझी जाऊ पहाटे रंकाळ्याला पळायची, संध्याकाळी जिम, रात्री भाकरी बंद. बीएमआय अगदी चार्टात बसणारा. पाळी आधी लांबली, मग थांबलीच. सासूबाई पांढरा रस्सा पाजायच्या मागे लागल्या, तेव्हा आम्ही हसलो होतो!

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन बनवतात. ते घटलं, शरीराला ऊर्जा अपुरी पडली, की मेंदूकडून ठोक्याठोक्याने सुटणारं जीएनआरएच हे हार्मोन मंदावतं, त्यामुळे बीज सोडायला लावणारं एलएच हे हार्मोन घटतं आणि बीज सुटत नाही. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० किलोकॅलरींहून कमी उरल्या, तर ५ दिवसांतच एलएचची लय बिघडलेली प्रयोगांत दिसलीय. म्हणजे बीएमआय चार्टाबाहेर जायच्या कितीतरी आधी. जावेच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) तपासून घेतलं, मग पळणं कमी आणि रात्रीचं जेवण सुरू करायला लावलं. काही महिन्यांनी पाळी आली. अजून एक, बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे थांबलेली पाळी परत यायच्या आतही दिवस राहू शकतात. नुसती वाट बघण्यापेक्षा मधूनमधून घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट करून बघा.