मदत हवी आहे: ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर अण्णा गप्प झालेत, हे डिप्रेशन आहे का?

नमस्कार. आम्ही तासगावजवळचे, घरची द्राक्षबाग. अण्णांच्या (वडील) मेंदूच्या पुढच्या भागात ग्लायोमा (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) निघाला. मिरजेत ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आता फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू आहे, डेक्सामेथासोन (मेंदूची सूज कमी करणारं स्टेरॉइड) हळूहळू कमी करताहेत. चालणं-बोलणं ठीक, पण माणूस पार मिटून गेलाय.

ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्याच्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) भीतीनं अण्णा उजाडायच्या आत बागेत असायचे. यंदा फवारणीवाल्याचा फोन समोर वाजत राहतो, ते नुसते स्क्रीनकडं बघतात. "तुम्हीच बघा" एवढंच. पाहुणे म्हणतात, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, असं होणारच. मला ते पटत नाही.

डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते, मागच्या २ आठवड्यांबद्दल विचारतात. पण त्यातली झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं ही लक्षणं ट्यूमरनं, रेडिएशननं किंवा स्टेरॉइडनंही येतात. लेव्हेटिरासिटामनं चिडचिड आणि उदासी येऊ शकते. शिवाय मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की माणूस थंड होतो, कशातच रस उरत नाही, पण त्याला स्वतःला दुःख वाटतंच असं नाही. अण्णांना मात्र वाटतंय. परवा रात्री आईला म्हणाले, "माझ्या आजारात बाग गेली, पोरांवर ओझं झालोय. सुटलो तर बरं." मला त्या थकव्यापेक्षा या अपराधीपणाची जास्त भीती वाटते. त्या रात्रीच फवारणीची औषधं कुलपात टाकली, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घातला. ते एकटे राहणार नाहीत असं बघतोय.

पुढची तपासणी लांब आहे, तोवर थांबायचं नाही, उद्याच न्यूरोसर्जनना फोन करणार आहे. गोळ्या मनानं बंद करणार नाही, फिट येण्याचा धोका आहे हे माहीत आहे.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना विचारायचंय: थंडपणा कुठला आणि डिप्रेशन कुठलं, हे डॉक्टरांनी कसं ठरवलं? औषध बदलून फरक पडला का? सांगली-मिरजेत मेंदूच्या पेशंटची सवय असलेले मानसोपचारतज्ज्ञ कोण? आणि सगळ्यात अवघड, अण्णा म्हणतात, "मला काय येड लागलंय?" त्यांना तिथवर न्यायचं कसं?