मदत हवी आहे : अपूर्णांकांत दिलेल्या संचांच्या उदाहरणांत एकूण संख्या मनाने कधी धरावी?

नमस्कार.

मी नागपुरात राहते आणि नोकरी सांभाळून जीमॅट व कॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी करीत आहे. संचांच्या शाब्दिक उदाहरणांतील एका ठरावीक मुद्द्यावर मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. नववीच्या गणितात आपण सर्व जे सूत्र शिकलो आहोत, म्हणजे दोन्ही संचांच्या घटकांची बेरीज करून त्यातून छेदसंचातील घटक वजा करावेत, ते मला अवगत आहे. विद्यार्थी किती, क्रिकेट खेळणारे किती, असे आकडे थेट दिलेले असले की वेन आकृती काढून उत्तर सहज मिळते. अडचण येते ती उदाहरणात एकही पूर्ण संख्या नसते आणि सगळी माहिती अपूर्णांकांत दिलेली असते तेव्हा. जीमॅटच्या गणित विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न सोडवायचे असतात आणि त्या विभागात गणकयंत्र मिळत नाही. त्यामुळे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे येतात आणि सुरुवात कोठून करायची हे पहिल्या वाचनातच ठरावे लागते.

माझी शंका स्पष्ट व्हावी म्हणून तीन उदाहरणे देते.

पहिले उदाहरण मला जमते. एका अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी २/३ विद्यार्थी राज्यसेवेची तयारी करतात, ३/५ विद्यार्थी बँकेच्या परीक्षांची तयारी करतात आणि १/१५ विद्यार्थी यांपैकी कशाचीच तयारी करीत नाहीत. तर दोन्हींची तयारी करणारे विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांच्या किती पट आहेत? येथे ३, ५ आणि १५ यांचा लसावि १५ आहे, म्हणून एकूण विद्यार्थी १५ धरले. राज्यसेवेचे १०, बँकेचे ९, कशाचीच तयारी न करणारा १, म्हणजे किमान एका परीक्षेची तयारी करणारे १४. म्हणून दोन्हींचे १० + ९ − १४ = ५, आणि उत्तर १/३.

दुसरे उदाहरण असे. मिहानमधील एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांपैकी २/५ महिला आहेत. महिलांपैकी ३/४ आणि पुरुषांपैकी १/३ कर्मचारी मेट्रोने कामावर येतात. मेट्रोने येणाऱ्यांमध्ये महिलांचे प्रमाण किती? मी ५, ४ आणि ३ यांचा लसावि ६० घेतला. महिला २४, त्यांपैकी मेट्रोने येणाऱ्या १८. पुरुष ३६, त्यांपैकी मेट्रोने येणारे १२. म्हणून ३० पैकी १८, म्हणजे ३/५. हे उत्तर बरोबर आहे. मात्र त्याच उदाहरणाचा पुढचा प्रश्न, ‘या कंपनीत कमीत कमी किती कर्मचारी असतील?’ असा आहे, आणि उत्तरसूचीत ६० ऐवजी १० दिलेले आहे. लसावि ही सर्वांत लहान सामाईक विभाज्य संख्या असूनही तिच्यापेक्षा लहान संख्या कशी चालते, हे मला समजून घ्यायचे आहे.

तिसरे उदाहरण एका ग्रंथालयाचे आहे. मराठी पुस्तके नेणाऱ्या सभासदांपैकी २/५ सभासद हिंदी पुस्तकेही नेतात. हिंदी पुस्तके नेणाऱ्यांपैकी ३/४ सभासद मराठी पुस्तकेही नेतात. एकूण सभासदांपैकी ३/२० सभासद या दोन्हींपैकी कोणत्याच भाषेतील पुस्तके नेत नाहीत आणि त्यांची संख्या ९ आहे. तर केवळ मराठी पुस्तके नेणारे किती? एकूण सभासद ६० आणि किमान एका भाषेतील पुस्तके नेणारे ५१, एवढे लगेच कळते. त्यापुढे दोन अज्ञात संख्या धरून समीकरणे मांडल्यास उत्तर निघते, परंतु अपूर्णांकांची ती समीकरणे सोडवण्यात फार वेळ जातो.

म्हणून माझे विचारणे असे आहे की, एकूण संख्या आपल्या सोयीने धरण्याची मुभा नेमकी कोणत्या परिस्थितीत असते. लसावि घ्यायचा असेल तर तो कोणत्या छेदांचा घ्यावा. आणि तिसऱ्या उदाहरणाप्रमाणे अपूर्णांक दोन वेगवेगळ्या गटांचे असतील तर सुरुवात एकूण संख्येपासून करावी की अन्य कोठून? केवळ युक्ती सांगण्यापेक्षा तिच्यामागचे कारण सांगितल्यास मी अधिक आभारी राहीन.

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना अंकगणित शिकवतो. आपण उदाहरणे नेमकी निवडली आहेत, कारण आपल्या तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. अपूर्णांक कोणत्या गटाचा भाग आहे हे निश्चित झाल्याशिवाय त्याच्यावर कोणतीही क्रिया करता येत नाही. पहिल्या उदाहरणातील तिन्ही अपूर्णांक एकूण विद्यार्थ्यांचे आहेत, म्हणून त्यांची थेट बेरीज-वजाबाकी चालते. दुसऱ्यातील ३/४ हा महिलांचा आणि १/३ हा पुरुषांचा भाग आहे. त्यांची बेरीज केल्यास तिला काहीच अर्थ उरत नाही.

एकूण संख्या मनाने धरण्याबद्दल सांगायचे तर, दिलेली सर्व माहिती प्रमाणांत असेल आणि विचारलेली गोष्टही प्रमाणच असेल, तर एकूण संख्या कोणतीही धरली तरी चालते. एकूण संख्या दुप्पट केली की प्रत्येक गट दुप्पट होतो आणि दोन गटांचे गुणोत्तर जसेच्या तसे राहते, हे त्याचे कारण आहे. उदाहरणात एक जरी प्रत्यक्ष संख्या आली, जशी तिसऱ्यात ९ आली आहे, की एकूण संख्या ठरून जाते. तरीही सोयीची संख्या धरून आकडेमोड करता येते, फक्त शेवटी सर्व आकडे योग्य पटीने वाढवावे लागतात.

आता लसाविकडे वळू, कारण येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. दिलेल्या छेदांचा लसावि घ्यावा हा नियम सर्व अपूर्णांक एकाच गटाचे असतील तेव्हाच निश्चितपणे खरा असतो. आपल्या कंपनीच्या उदाहरणात दोन ओळी आणि दोन स्तंभांचे कोष्टक करा. अशा उदाहरणांत वेन आकृतीच्या वर्तुळांपेक्षा कोष्टक मला कितीतरी अधिक उपयोगी वाटते, कारण महिला-पुरुष आणि मेट्रोने येणारे-न येणारे या दोन्ही वाटण्या त्यात पूर्ण दिसतात. त्याच्या चार चौकटींत एकूण कर्मचाऱ्यांच्या तुलनेत ३/१०, १/१०, १/५ आणि २/५ असे भाग येतात. चौकटीतील प्रत्येक संख्या पूर्ण असली पाहिजे एवढीच अट आहे, म्हणून लसावि या चार अपूर्णांकांच्या छेदांचा घ्यायचा, आणि तो १० आहे. दोन पंचमांशाचे तीन चतुर्थांश काढताना अंशातील २ आणि छेदातील ४ यांचा संक्षेप झाला, तसेच तीन पंचमांशाचे एक तृतीयांश काढताना ३ चा संक्षेप झाला, म्हणून ६० ची गरज उरली नाही.

याच्या उलटही घडते. एखाद्या गटातील ३/४ माणसे निवडली आणि त्या निवडलेल्यांपैकी पुन्हा ३/४ निवडली, तर दोन्ही छेद ४ असल्याने लसावि ४ येतो. पण ४ माणसांतून आधी ३ आणि मग सव्वादोन माणसे निवडावी लागतील. येथे भाग ९/१६ आहे आणि एकूण संख्या १६ च्या पटीतच हवी. म्हणून भागाचा भाग असेल तेथे सोयीसाठी त्या साखळीतील छेदांचा गुणाकार धरावा. तो कधी कधी मोठा असतो, पण अडत नाही. ‘कमीत कमी किती’ असे विचारले असेल तर मात्र प्रत्येक चौकटीचा अपूर्णांक संक्षिप्त रूपात काढून त्यांच्या छेदांचा लसावि घ्यावा.

तिसऱ्या उदाहरणात सुरुवात सामाईक भागापासून करा. दोन्ही भाषांतील पुस्तके नेणारे सभासद मराठी गटाचे २/५ आहेत आणि तेच सभासद हिंदी गटाचे ३/४ आहेत. एकच संख्या २ ने आणि ३ ने विभाज्य असली पाहिजे, म्हणून या वेळी छेदांचा नव्हे तर अंशांचा लसावि, म्हणजे ६ धरा. मग मराठी गट १५, हिंदी गट ८ आणि किमान एका भाषेतील पुस्तके नेणारे १५ + ८ − ६ = १७ होतात. प्रत्यक्षात ते ५१ आहेत, म्हणजे तिप्पट. म्हणून मराठी गट ४५, सामाईक १८ आणि केवळ मराठी पुस्तके नेणारे २७. समीकरण मांडण्याची गरजच पडत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, मनःपूर्वक आभार. अंशांचा लसावि घेण्यामागचे कारण आता पूर्णपणे स्पष्ट झाले. याच विषयाला धरून आणखी एक शंका विचारते. एका वसाहतीतील ३/४ कुटुंबांकडे दुचाकी आणि २/३ कुटुंबांकडे चारचाकी आहे. कुटुंबांची संख्या ४० ते ५० यांच्या दरम्यान आहे. दोन्ही वाहने असणारी कुटुंबे कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतील? कोणतेच वाहन नसणाऱ्यांची माहिती येथे दिलेली नसल्याने सूत्र कसे वापरावे?

प्रतिसाद

ताई, दोन्ही अपूर्णांक एकाच गटाचे आहेत, म्हणून कुटुंबांची संख्या १२ च्या पटीत असली पाहिजे आणि ४० ते ५० यांच्या दरम्यान अशी संख्या ४८ ही एकच आहे. दुचाकी असणारी ३६ आणि चारचाकी असणारी ३२ कुटुंबे झाली. सामाईक भाग सर्वांत लहान तेव्हा होतो, जेव्हा कोणतेच वाहन नसणारे एकही कुटुंब नसते; त्या वेळी ३६ + ३२ − ४८ = २० कुटुंबांकडे दोन्ही वाहने असतात. सामाईक भाग सर्वांत मोठा तेव्हा होतो, जेव्हा लहान गट मोठ्या गटात पूर्णपणे सामावतो. म्हणून जास्तीत जास्त ३२, आणि त्या वेळी १२ कुटुंबांकडे कोणतेच वाहन नसते. दोन भागांची बेरीज १ पेक्षा कमी भरली असती, तर किमान उत्तर शून्य आले असते.

जीमॅटच्या डेटा सफिशियन्सी प्रकारात, म्हणजे दिलेली विधाने उत्तर काढण्यास पुरेशी आहेत का एवढेच ठरवायच्या प्रश्नांत, जो प्रकार आता डेटा इनसाइट्स विभागात विचारला जातो, हाच मुद्दा दुसऱ्या रूपात येतो. नुसती प्रमाणे देणारी विधाने कितीही असली तरी त्यांवरून प्रत्यक्ष संख्या ठरत नाही, म्हणून विद्यार्थी ‘माहिती अपुरी’ असा पर्याय निवडून पुढे जातात. परंतु एखाद्या विधानात ‘४० ते ५० यांच्या दरम्यान’ अशी मर्यादा असेल, तर ती विभाज्यतेशी जोडून पाहावी. वरच्या वसाहतीत तेवढ्यावरच एकूण संख्या निश्चित झाली. मर्यादा ३० ते ५० अशी असती, तर ३६ आणि ४८ अशा दोन संख्या शक्य झाल्या असत्या आणि माहिती खरोखरच अपुरी ठरली असती.