मदत हवी आहे: भाचीचं पेटंट, गाणं आणि बारावी

नमस्कार मंडळी. माझी भाची मिरजेची, वय 17, बारावी सायन्स. गांधर्व महाविद्यालय मंडळाची गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, यंदा विशारद प्रथमला बसायचं म्हणते. मिरजेत राहून तंबोऱ्याचं वेड लागलं नाही तरच नवल! सतारमेकर गल्लीत जाऊन जाऊन तिने तिथल्या कारागिरांना एवढं विचारलं, की आता तेच तिला बोलावून घेतात.

पावसाळ्यात तंबोऱ्याचा भोपळा ओल धरतो, जोड सुटतात, जवारी (तारांचा झंकार) बिघडते. यावर तिने दोन वर्षं रोजची आर्द्रता आणि स्वर यांची नोंद ठेवली. त्यातून गवसणीत (तंबोऱ्याच्या खोळीत) ठेवायचं एक छोटं यंत्र केलं; ओल वाढली की फोनवर कळतं. ओळखीच्या गायकांनी सात यंत्रं विकत घेतली. मला तर तिच्या यंत्रापेक्षा त्या नोंदवह्याच जास्त मोलाच्या वाटतात.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात ती हे मांडणार आहे. आधी जाहीर केलं तर पेटंटला अडचण येते, म्हणून त्याआधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करायचा विचार आहे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. पण सात नग आधीच विकले गेलेत, त्याचं काय? अर्ज तिच्या नावाने करायचा, तर ती अज्ञान (18 वर्षांखालची) असल्याने सही ताईने, म्हणजे तिच्या आईने, करायची का? सांगली-कोल्हापूरकडचे कोणी पेटंट एजंट माहीत आहेत का?

आणि बारावीच्या वर्षात रियाज, अभ्यास, धंदा तिन्ही सांभाळलेलं कोणाचं मूल असेल, तर कृपया सांगा. ताई फार काळजीत आहे.