बोटावरील हटवादी गाठी आणि माशांची टाकी

प्रश्न
माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पावसाळ्यापासून लालसर गाठ असून आता मनगटाकडे तशाच गाठींची रांग उमटली आहे. बोट पूर्ण मिटत नाही. संधिवात समजून दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानंतर सूज वाढली. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (दीर्घ दाहात जमणारा पेशींचा पुंजका) दिसला, कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आले, आणि आता क्षयरोगाची औषधे सुचवली आहेत. घरातील माशांची टाकी तोच साफ करतो, हे मात्र कोणी विचारले नाही. औषधे सुरू करावीत का?

प्रतिसाद १ (त्वचारोगतज्ज्ञ)
टाकीचा उल्लेख केलात, ते फार बरे झाले. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद माशांना होतो आणि खरचटलेल्या त्वचेतून माणसात शिरतो. त्याला सुमारे ३० अंश सेल्सियस तापमान मानवते. म्हणूनच तो शरीराच्या थंड भागांत, विशेषतः बोटांत, ठाण मांडतो, आणि ३७ अंशांवर ठेवलेल्या नेहमीच्या कल्चरमध्ये बहुधा उगवतच नाही. प्रयोगशाळेला टाकीची माहिती देऊन ३० अंशांवरील कल्चर सहा आठवडे ठेवण्यास लेखी सांगावे.

प्रतिसाद २ (संसर्गरोगतज्ज्ञ)
सहमत. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही आणि आयसोनियाझिडचाही सहसा उपयोग होत नाही. मात्र रिफाम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल चालत असल्यामुळे रुग्णाला थोडा उतार पडतो आणि चुकीचे निदान पक्के होऊन बसते. त्वचेपुरत्या आजारात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन व इथॅम्ब्युटॉल देतात, गाठी पूर्ण बऱ्या झाल्यावरही एक-दोन महिने. स्नायुबंधाच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात संसर्ग असल्यास रिफाम्पिसिनही जोडतात आणि उपचार कित्येक महिने लांबतात. रिफाम्पिसिनमुळे क्लॅरिथ्रोमायसिनची रक्तातील पातळी घटते, त्यामुळे ही जुळवणी तज्ज्ञानेच करावी. इथॅम्ब्युटॉलपूर्वी दृष्टी व रंगज्ञान तपासून घ्यावे.

प्रतिसाद ३ (हातांचे शल्यचिकित्सक)
बोट मिटत नाही, याची मला अधिक काळजी वाटते. एमआरआय करावा, स्नायुबंधाचे आवरण जाड झाले असेल तर ते शस्त्रक्रियेने काढावे लागू शकते. त्या वेळी एक तुकडा पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा कल्चरसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवण्याची आठवण आवर्जून करा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर व्यर्थ. स्टेरॉइडचे इंजेक्शन पुन्हा घेऊ नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. घरातील लहान मुलांना याची लागण होईल का?

प्रतिसाद १
माणसाकडून माणसाला हा आजार सहसा होत नाही. टाकीत हात घालताना मात्र लांब हातमोजे वापरावेत.